जलरंगातील बंदर : चित्राचे साक्षीमूल्य आणि शब्दांचा पुरावा

इतिहासाची साधने म्हणताच आपल्या अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर प्रथम कागद उभा राहतो. पत्रे, दप्तरे, सनदा, बखरी आणि त्यांच्या जोडीला शिलालेख व ताम्रपट, एवढ्यात आपली साधनसृष्टी बहुधा पूर्ण होते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हापासून अस्सल कागदाचा जो आग्रह आपल्याकडे रुजला तो योग्यच होता. परंतु त्या आग्रहाची एक अनपेक्षित निष्पत्ती अशी झाली, की चित्र हे साधन न राहता सजावट ठरले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर किंवा प्रकरणाच्या आरंभी जुन्या मुंबईचे एखादे रंगचित्र छापावयाचे, त्याखाली ‘मुंबई बंदर, अठरावे शतक’ अशी ओळ घालावयाची आणि मजकुरात त्याचा उल्लेखही करावयाचा नाही, ही पद्धत आजही सर्रास आढळते. ज्या दक्षतेने आपण पत्राची मिती, शिक्का व हस्ताक्षर तपासतो, त्या दक्षतेचा शतांशही चित्राच्या वाट्याला येत नाही.

प्रस्तुत निबंधात मुंबईच्या कामकरी बंदराची जलरंगातील चित्रे आणि त्यांवरून सिद्ध झालेले छाप यांचा विचार साधन म्हणून केला आहे. प्रश्न दोन आहेत. पहिला, असे चित्र कोणत्या गोष्टीचा पुरावा देते आणि कोणत्या गोष्टीचा देत नाही. दुसरा, चित्र जेथे मुके होते तेथे भाषा काही सांगू शकते काय. प्रस्तुत लेखकाचा मूळ व्यासंग भाषाशास्त्राचा असल्यामुळे दुसऱ्या प्रश्नाकडे थोडे अधिक लक्ष दिले गेले आहे. वाचक ते समजून घेतील अशी आशा आहे.

१

प्रथम माध्यमाचा विचार करू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये जलरंग हे स्थलवर्णनाचे मुख्य साधन बनले. पेन्सिलीने बाह्यरेषा काढावयाची, करड्या किंवा काळ्या शाईच्या पातळ लेपाने छायाप्रकाश साधावयाचा आणि वरून स्थानिक रंगांचे फिके हात द्यावयाचे, ही त्याची रूढ रीत होती. १७८१ मध्ये लंडनच्या रीव्ह्ज बंधूंना रंगाच्या कोरड्या वड्यांबद्दल तेथील कला-उद्योग संस्थेचे पारितोषिक मिळाले. अशा वड्यांमुळे रंगांची पेटी खिशात घालून हिंडणे शक्य झाले. तैलचित्रास कक्ष, घोडी आणि रंग वाळण्याइतका अवकाश लागतो. जलरंगास कागद, कुंचला आणि पाण्याची वाटी पुरते. साहजिकच प्रवासी, सैनिकी अधिकारी आणि सर्वेक्षक यांनी हे माध्यम आपलेसे केले. कंपनीच्या अ‍ॅडिस्कोम्ब येथील सैनिकी विद्यालयात (१८०९ ते १८६१) चित्रणाचे शिक्षण दिले जाई, ते कलेच्या हौसेपोटी नव्हे. किल्ला, घाट, नदीचा उतार आणि बंदराचा धक्का डोळ्याने टिपून कागदावर उतरविणे हे राज्यविस्ताराचे एक उपयुक्त अंग होते. चित्राची दृष्टी कोणाची, या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे मिळते.

या माध्यमाचे मोल एका तुलनेने अधिक स्पष्ट होईल. १७३२ च्या सुमारास जॉर्ज लॅम्बर्ट आणि सॅम्युएल स्कॉट या चित्रकारांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीसाठी कंपनीच्या ठाण्यांची सहा तैलचित्रे काढली. त्यांत मुंबईचेही एक आहे. तट, इमारती, पुढे शिडे उभारलेली जहाजे, सर्व काही भव्य आहे. परंतु हे चित्रकार मुंबईस कधीच आले नव्हते. दुसऱ्यांच्या नकाशांवरून व रेखनांवरून त्यांनी बंदर रचले. कंपनीच्या संचालकांना आपल्या मालमत्तेचे दर्शन घडविणे हा त्या चित्रांचा हेतू होता आणि तो सफल झाला. बंदर प्रत्यक्ष कसे चालत होते हे त्यांवरून ठरविणे मात्र धाडसाचे होईल. याउलट, धक्क्यावर बसून काढलेले लहानसे जलरंगचित्र दिसावयास सामान्य असले तरी त्यात पाहणाऱ्याचा डोळा हजर असतो.

२

तथापि ‘प्रत्यक्ष पाहून काढलेले’ हे शब्दही सावधपणे वापरावे लागतात. याचे उत्तम उदाहरण जेम्स वेल्स याचे आहे. स्कॉटलंडमध्ये १७४७ साली जन्मलेला हा चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस आला. १७९१ व ९२ या दोन वर्षांत त्याने मुंबई बेट व त्याच्या परिसराची बारा दृश्ये टिपली. पुढे पुण्यास जाऊन त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस व महादजी शिंदे यांची चित्रे रंगविली. पुण्यातील गंगाराम तांबट हा चित्रकार त्याच्या साहाय्यकांपैकी होता आणि त्याने लेण्यांची स्वतंत्र रेखने केली. १७९५ च्या नोव्हेंबरात साष्टीतील कान्हेरीची लेणी रेखीत असता वेल्सला ज्वर जडला आणि त्यातच ठाणे येथे त्याचा अंत झाला. त्याची मुंबईची बारा दृश्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली ती १८०० साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. त्याने पेशव्यांच्या दरबाराच्या चित्रासाठी केलेल्या अभ्यासरेखनांवरून पुढे टॉमस डॅनिएलने मोठे तैलचित्र पूर्ण केले, हेही या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे. पाहणारा एक, पूर्ण करणारा दुसरा आणि छापणारा तिसरा, अशी ही साखळी आहे. बखरीच्या नकलेत जसे नकलकाराचे हात मिसळतात तसेच ते येथेही मिसळतात.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. विल्यम वेस्टॉल (१७८१ ते १८५०) हा तरुण चित्रकार फ्लिंडर्सच्या ऑस्ट्रेलियाच्या सफरीवर गेला होता. १८०३ च्या ऑगस्टमध्ये त्याचे जहाज प्रवाळाच्या खडकावर फुटले आणि त्याची काही रेखने समुद्राच्या पाण्याने खराब झाली. कँटनमार्गे तो १८०४ मध्ये मुंबईस पोचला, घाटावरील प्रदेश व लेणी पाहिली आणि पुढे इंग्लंडास परतला. मुंबई बंदरावर पावसाळा येऊन ठेपल्याचे त्याने रेखिलेले दृश्य छापून आले ते रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले याच्या पश्चिम हिंदुस्थानविषयक चित्रसंग्रहात. तो संग्रह १८२६ ते १८३० या काळात निघाला. म्हणजे दृश्य आणि छाप यांत दोन दशकांहून अधिक अंतर पडले. मधल्या काळात पेशवाई बुडाली होती, मुंबई इलाख्याची सीमा घाटावर पोचली होती आणि कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारातील मक्तेदारी १८१३ च्या सनदेने संपली होती. ताम्रपत्र्यावर अम्लाने छटा खोदणारा कारागीर लंडनमध्ये बसलेला होता. त्याने मुंबईचा पावसाळा पाहिलेला नव्हता. छापावर हाताने रंग भरणारे आणखी निराळेच. अशा चित्रातील आभाळाचा काळेपणा १८०४ चा, १८२६ चा, की त्या काळी इंग्लंडात प्रिय असलेल्या वादळी निसर्गचित्रांचा, हा प्रश्न विचारल्यावाचून त्याचा पुरावा म्हणून उपयोग करणे म्हणजे तारीख न पाहता पत्र वाचणे होय.

तरीही वेस्टॉलने निवडलेला विषय यथार्थ आहे. अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर शिडाच्या व्यापाराचे पंचांग पावसाळ्यानेच आखलेले होते. नैर्ऋत्य वारे सुरू होताच किनाऱ्यावरील गलबते व मचवे वर ओढून शाकारले जात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटले जात. पावसाळ्यापूर्वीचा काळ हा बंदरावरील सर्वांत घाईचा काळ होता. राहिलेला माल उतरविणे, राहिलेली नौका सुरक्षित जागी नेणे आणि उतारूंना पलीकडे पोचविणे ही सारी कामे थोड्या दिवसांत उरकावी लागत. पावसाळ्याचा हा धाक केवळ शिडाच्या युगापुरता नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट खवळलेल्या समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. वादळापूर्वीचे आभाळ हा चित्रकाराला एक मनोहर विषय वाटला असेल; धक्क्यावरच्या माणसाला तो जीवनमरणाचा हिशेब होता.

३

चित्र कोणी, केव्हा व कोणासाठी काढले हे ठरल्यावर ते वाचावयाचे कसे? बंदरचित्रांच्या बाबतीत तीन कसोट्या विशेष उपयोगी पडतात असे आमच्या प्रत्ययास आले आहे.

पहिली कसोटी पाण्याची. मोठ्या उधाणाच्या दिवशी मुंबईच्या समुद्राची पातळी ४ मीटरांहून अधिक चढउतार करते. भरतीच्या वेळी जेथे नौका डुलते तेथे ओहोटीला चिखल असतो. १८७५ पूर्वी पश्चिम किनाऱ्यावर जहाजे आत घेऊन दरवाजे बंद करता येतील अशी पाण्याची गोदी नव्हती. १७५० पासून कोरड्या गोद्या होत्या. परंतु त्या जहाजे बांधण्याच्या व दुरुस्तीच्या कामी येत. सुरतेहून १७३६ मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने तेथेच आपले नाव मिळविले, आणि १८१७ मध्ये त्या घराण्याने मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. व्यापारी जहाज मात्र बंदराबाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभे राही आणि माल पडावांतून व मचव्यांतून धक्क्यापर्यंत आणला जाई. यास्तव १८७५ पूर्वीच्या विश्वसनीय चित्रात मोठी जहाजे दूर आणि लहान नावा जवळ दिसल्या पाहिजेत. एखाद्या चित्रात तीन डोलकाठ्यांचे मोठे गलबत थेट धक्क्याला टेकलेले असेल, तर ते चित्र उत्तरकालीन तरी असावे किंवा चित्रकाराने लंडनच्या थेम्सचा अनुभव मुंबईवर लादला असावा, असा संशय घेणे रास्त ठरते. १८७५ चा ससून डॉक, १८८० चा प्रिन्सेस डॉक, १८८८ चा व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ चा अलेक्झांड्रा डॉक यांनी हे दृश्य क्रमाक्रमाने पालटले.

दुसरी कसोटी क्षितिजाची. धक्क्यामागे दिसणाऱ्या इमारती चित्राची पूर्वमर्यादा ठरवितात. टांकसाळीची इमारत १८२९ ची, टाऊन हॉल १८३३ मध्ये पूर्ण झालेला, सेंट टॉमस देवळाचा मनोरा १८३८ मध्ये उंचावलेला, राजाबाई मनोरा १८७८ चा. यांपैकी काय दिसते व काय दिसत नाही यावरून काळाची चौकट आखता येते. त्याचप्रमाणे धुराचा लोट दिसला तर चित्र मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये सुएझकडे निघाली त्याच्या फारसे आधीचे असू शकत नाही. कापसाच्या गठ्ठ्यांची रास कोठे दाखविली आहे हेही पाहावे. किल्ल्यातील कापसाचा बाजार १८४४ मध्ये कुलाब्यास हलविण्यात आला होता.

तिसरी कसोटी चित्रावरील शब्दांची, आणि भाषेच्या अभ्यासकास ती सर्वांत मोलाची वाटते. एडवर्ड लिअर २२ नोव्हेंबर १८७३ रोजी मुंबईस उतरला. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली होती आणि कापसाच्या तेजीमंदीत उभ्या राहिलेल्या व पडलेल्या खासगी भराव कंपन्यांचा काळ मागे पडून बंदराचा कारभार एका सार्वजनिक मंडळाकडे आला होता. लिअरची रीत अशी होती, की जागेवर पेन्सिलीने झरझर रेखन करावयाचे, त्यातच रंगांविषयी व वस्तूंविषयी टिपणे लिहावयाची आणि नंतर सवडीने शाईने रेषा पक्क्या करून जलरंगाचे हात द्यावयाचे. त्याची हिंदुस्थानातील शेकडो रेखने आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. अशा कागदावर पाहणे, लिहिणे आणि रंगविणे या तीन क्रिया वेगवेगळ्या ओळखता येतात. आपल्या दप्तरी परिभाषेत बोलावयाचे तर कच्चा खर्डा आणि पक्की फर्द एकाच कागदावर राहिली आहे. वेल्स व वेस्टॉल यांच्या छापांत जे मधले टप्पे पुसले गेले, ते येथे शाबूत आहेत.

४

आता चित्र जेथे मुके होते तेथे वळू. बंदरचित्राच्या अग्रभागी माणसे असतात: कोणी ओझे वाहतो, कोणी दोर ओढतो, कोणी नावेत बसला आहे. चित्रशास्त्रात अशा आकृतींचे काम दृश्याला प्रमाण देणे एवढेच असते. तटाची उंची कळावी म्हणून त्याखाली एक माणूस उभा करावयाचा. हा माणूस कोण, कोठचा, कोणत्या कामाचा, हे चित्र सांगत नाही. परंतु त्याची भाषा आपल्याजवळ आहे, आणि ज्या काळी ही चित्रे निघत होती त्याच काळी मोल्सवर्थ व कँडी हे पंडितांच्या साहाय्याने मराठी शब्दांचा कोश रचीत होते. त्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. जहाजवाहतुकीचे पुष्कळ शब्द त्यात नोंदलेले आहेत. हा कोश म्हणजे त्याच काळाचे, निराळ्या हाताने काढलेले एक चित्रच होय.

बंदरावरील शब्दसंपत्ती थरांनी बनलेली दिसते. ‘बंदर’ स्वतः फारसी आहे. ‘नाखवा’ हा फारसीतील नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. ‘सारंग’ फारसी सरहंगवरून आला. ‘सुकाणू’ अरबी, ‘खलाशी’ अरबी, वाट दाखविणारा ‘मालिम’ही अरबी. ‘तांडेल’ मल्याळम किनाऱ्याकडे बोट दाखवितो. ‘गुदाम’ मलायी भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे पोचले. कोळसा वाहण्याचे ‘घमेले’ पोर्तुगीज आणि दिवसाअखेरचा ‘पगार’ही पोर्तुगीज. इंग्रजीचा थर सर्वांत वरचा, आणि तेथेही ‘आगबोट’ हा शब्द पाहण्यासारखा आहे. लोकांनी परकी ‘बोट’ घेतली, पण तिच्या पोटातील आग आपल्या शब्दाने सांगितली. हा शब्द ज्या मजकुरात आढळेल तो मजकूर वाफेच्या युगापूर्वीचा असू शकत नाही. धुराच्या लोटाने चित्राचा काळ जसा ठरतो, तसा या शब्दाने लेखाचा ठरतो.

या थरांवरून एक अनुमान काढता येते. अधिकार, मार्गज्ञान व हिशेब यांचे शब्द पुष्कळसे समुद्रापारचे आहेत. कारण अरबी समुद्राचा व्यापार ही अनेक भाषिकांची सामायिक मिरास होती. चित्रात सर्व आकृती सारख्याच पागोट्याच्या व सारख्याच सावळ्या रंगाच्या दिसतात. शब्द मात्र सांगतात, की त्या धक्क्यावर किमान चार-पाच भाषांचा वारसा एकत्र येऊन काम करीत होता.

स्थळनामांचा पुरावा याहून निर्णायक आहे. आज बोरीबंदरास समुद्र दिसत नाही. मस्जिद बंदर आणि चिंचबंदर येथेही पाणी नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास जाणारी पहिली आगगाडी ज्या बोरीबंदरावरून सुटली त्याचे नाव त्या जागेपाशी एके काळी नावा लागत होत्या हे सांगते. भराव घालून किनारा पूर्वेकडे सरकला, नाव जागच्या जागी राहिले. या नावांना जोडणारी रेघ नकाशावर ओढली असता जुन्या किनाऱ्याची स्थूल रूपरेषा हाती येते आणि जुन्या चित्रांतील पाण्याची जागा तिच्याशी पडताळून पाहता येते. चित्र व नाम हे दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले म्हणजे पुरावा बळकट होतो.

मात्र येथे एक धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. नावांच्या बाबतीत ऐकीव व्युत्पत्तीचा मोह फार. ‘पालवा’ या देशी नावाचे इंग्रजांनी ‘अपोलो’ केले आणि ग्रीक सूर्यदेव मुंबईच्या धक्क्यावर येऊन बसला; अपरिचित ध्वनीला परिचित अर्थ चिकटविण्याचे हे ठळक उदाहरण आहे. बोरीबंदराच्या नावात धान्याची बोरी आणि बोरीवलीच्या नावात बोरीची झाडे लोक पाहतात; एकाच ध्वनिरूपाला दोन ठिकाणी दोन अर्थ लाभले आहेत. ‘धक्का’ या शब्दात लाटेचा आघात झेलणारा बांध पाहावा असेही कोणास वाटेल. परंतु केवळ अर्थ जुळतो म्हणून व्युत्पत्ती मान्य करणे आणि केवळ दृश्य पटते म्हणून चित्र खरे मानणे, हे दोन्ही दोष एकाच जातीचे आहेत. दोहोंतही आपण पुराव्याऐवजी आपल्या समाधानाला प्रमाण मानतो.

५

चित्रांच्या परंपरेत ज्याला मानाचे स्थान मिळाले नाही असा एक धक्का भाषेने जपून ठेवला आहे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य (१७८९ ते १८५८) या पाठारे प्रभू गृहस्थाने १८४१ च्या सुमारास स्वतःच्या उद्यमाने उतारूंसाठी धक्का बांधला. त्यापूर्वी कोकणातून येणाऱ्या माणसाला नावेतून उतरून पाण्याचिखलातून किनारा गाठावा लागे. किल्ल्याच्या तटाखालील पालवा बंदर साहेबांच्या आगमनासाठी होते आणि चित्रकारांच्या दृष्टीतही तेच भरले. अजिंक्य यांस लोक भाऊ म्हणत, म्हणून धक्का ‘भाऊचा’ झाला. सरकारी इंग्रजीत त्याला ‘फेरी वॉर्फ’ असे निर्वर्ण नाव होते. आजचा धक्का मूळ जागी नाही. तरी उरण, मोरा व रेवसकडे जाणारा उतारू त्याला भाऊचा धक्काच म्हणतो. गोविंद नारायण माडगावकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथात मुंबईचे हे देशी जग शब्दबद्ध झाले. ज्या पिढीत परदेशी प्रवासी जलरंगात तट व जहाजे टिपीत होते, त्याच पिढीत एक मराठी लेखक बाजार, धक्के, जाती व धंदे यांची नोंद करीत होता, ही गोष्ट आपल्या साधनचिकित्सेत पुरेशी ठसलेली नाही.

कुंचला पुढे देशी हाती आला. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेतून जलरंगाचे शिक्षण मिळालेल्या पिढ्या बाहेर पडल्या. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७ ते १९४४) यांनी मुंबईच्या रस्त्यांवरील व बाजारांतील माणसे रेखिली. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडवर्ड्स यांच्या मुंबईविषयक पुस्तकातील चित्रे त्यांची आहेत, आणि आपल्या कलाशाळेतील एक्केचाळीस वर्षांचे वृत्त त्यांनी मराठीत लिहून ठेवले आहे. धुरंधरांची माणसे दृश्याला प्रमाण देण्यासाठी उभी केलेली नाहीत. पागोट्याची बांधणी, लुगड्याचा काष्टा, चालण्याची ढब यांवरून ती कोणत्या समाजाची व कोणत्या धंद्याची हे ओळखू येते. मात्र तेथेही माणूस जातीचा किंवा धंद्याचा नमुना म्हणूनच येतो. त्याचे नाव तेथेही नाही.

ते नाव प्रथम कोठे आले? चित्रात नव्हे, कायद्यात. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने रोजच्या रोज निवडल्या जाणाऱ्या कामगारांची नोंद करण्याची तरतूद केली, आणि १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने ओझे वाहणाऱ्यास नोंदवहीत स्थान दिले. या कायद्याच्या नावातील दोन शब्द पाहावेत. ‘हमाल’ हा अरबी शब्द माणसाला त्याच्या ओझ्यावरून ओळखतो. ‘माथाडी’ हा मराठी शब्द त्याला ते ओझे वाहणाऱ्या माथ्यावरून ओळखतो. दृष्टी ओझ्याकडून माणसाकडे वळली, याची खूण भाषेत अशी राहिली आहे. जुन्या जलरंगचित्रात अग्रभागी वाकलेली आकृती आणि मंडळाच्या नोंदवहीतील नाव यांच्या मध्ये सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो लिहिण्याचे काम अद्याप पुष्कळसे शिल्लक आहे.

६

शेवटी ज्या भूमीवर हे विचार सुचले तिच्याकडे वळतो. बोरीवलीच्या पूर्वेस कान्हेरीची लेणी आहेत आणि पश्चिमेस एकसरचे वीरगळ. कान्हेरीच्या भिंतींवर सोपारा व कल्याण येथील व्यापाऱ्यांची, कारागिरांची नावे दाते म्हणून कोरलेली आहेत. मोठे चैत्यगृह सिद्ध करणाऱ्या गजसेन व गजमित्र या व्यापारी बंधूंची नावे आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचे बंदर मात्र कोणी चितारून ठेवलेले नाही. तेथील नव्वदाव्या लेण्यात अवलोकितेश्वराभोवती जी संकटे कोरली आहेत त्यांत संकटात सापडलेली नौका आहे. त्या नौकेतील माणसांची नावे नाहीत. एकसरच्या शिळांवर वल्ह्यांच्या नौकांतील युद्ध कोरलेले आहे. कित्येक विद्वान त्याचा संबंध शिलाहार सोमेश्वर व यादव महादेव यांच्या १२६५ च्या सुमारास झालेल्या संघर्षाशी जोडतात. वल्ही मारणारे तेथेही अनामच आहेत. उत्तर कोकणातील गावे व घराणी यांची नोंद करणारी ‘महिकावतीची बखर’ राजवाड्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. तीत नावे विपुल आहेत, मुद्रा नाहीत. आणि याच कान्हेरीत रेखन करताना ज्याला मृत्यूचा ज्वर जडला, त्या वेल्सने पाठीमागे ठेवलेल्या मुंबईच्या दृश्यांत आकृती आहेत, नावे नाहीत.

एका बाजूस चित्राविना नावे आणि दुसऱ्या बाजूस नावांविना चित्रे, अशी आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाची स्थिती आहे. या दोहोंची सांगड घालणे हे एका शास्त्राचे काम नव्हे. कलेतिहासकाराने कागद, रंग व छाप यांचा काळ सांगावा, इतिहासकाराने दप्तर उघडावे आणि भाषाभ्यासकाने शब्द व स्थळनामे तपासावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधात जुने चित्र छापताना त्याखाली निदान चार गोष्टी लिहाव्यात अशी आमची सूचना आहे: मूळ रेखन कोणाचे व कोणत्या वर्षीचे, प्रस्तुत प्रत किंवा छाप कोणत्या वर्षीचा, भरती-ओहोटी व इमारती यांवरून ठरणारी काळमर्यादा कोणती, आणि अग्रभागी जी माणसे आहेत ती कोणते काम करीत आहेत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर देताना मराठीतील नेमका शब्द वापरावा. पडावाला नुसती नाव म्हणू नये आणि तांडेलाला नुसता खलाशी म्हणू नये.

गोराईच्या खाडीवर बोरीवलीच्या बाजूने आजही नाव सुटते. ओहोटीला चिखल उघडा पडतो, भरतीला पाणी पायऱ्यांशी येते आणि माणसे एकमेकांना हात देत चढतात व उतरतात. या दृश्याचे जलरंगचित्र पुढेमागे कोणी काढील. ते पाहणाऱ्या अभ्यासकाला नावेवरचा माणूस कोण होता आणि त्याच्या कामाला लोक काय म्हणत होते, हे कळावे एवढी नोंद आपण आज करून ठेवली तर ती पुढील इतिहासास उपयोगी पडेल.